गवताचा पत्ता

मॅडम,

तुमच्या डांबरगोळ्यांविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे. काल अमरावतीला, कॉलेजातल्या तुमच्या वाळलेल्या झाडपाल्याच्या कपाटापाशी तासभर बसलो, तर परतताना अकोल्याच्या एसटीत शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावला तो थेट मूर्तिजापूरपर्यंत. मी माणूस आहे, ठेवणीतला शालू नाही, हे त्यांना कोण सांगणार?

गेलो होतो त्या गवतासाठी. कॉलेजात असताना मेळघाटच्या सहलीत सगळा वर्ग रान धुंडाळत होता आणि मी जीपमध्ये झोपलो होतो. नमुने तर द्यायचे होते. म्हणून घरी, बाळापूरला, किल्ल्याखालच्या नाल्यातून मूठभर गवत उपटलं आणि लेबलावर मेळघाटातलं ‘धारणी’ लिहून मोकळा झालो. तुम्ही ते भिंगाखाली धरलं आणि कितीतरी वेळ खाली ठेवलंच नाही. “काहून रे, हे कुठी भेटलं तुले? हे तं नवीनच दिसून राहिलं.” मी छाती फुगवली.

तुम्ही नाव दिलं, त्या नावातच मेळघाट. माझी काडी ‘टाइप’ ठरली, म्हणजे नव्या जातीचं नाव ज्या एका नमुन्यावर उभं राहतं आणि शंका आली की जग ज्याच्याशी ताडून बघतं, तो. जगाच्या साक्षीला माझा आळस.

पुढे दर पोळ्यानंतर तुम्ही धारणीची एसटी धरायच्या, त्याचं दुसरं ठोंब शोधायला. गुडघे दुखायला लागले तरी. दोनदा तुमची पिशवी धरून मीही आलो, तुमच्याच डब्यातली भाकर खाल्ली. रिकाम्या हाताने परतताना तुम्ही म्हणायच्या, “लाजते बापा ते, दिसत नाही.” मी मान हलवायचो.

आता तुम्ही नाही, आणि तुमच्या जागेवरची तरुण मॅडम ते गवत नामशेष झालं असं लिहून राहिली आहे. मी तिच्यासमोर बाळापूरची ताजी जुडी ठेवली आणि जीपमधल्या झोपेपासून सगळं कबूल केलं. “सर, मग इतकी वर्षं सांगितलं काहून नाही?” पेपरात लोकांची टर उडवून पोट भरणारा मी, जुडीची माती झटकत बसलो. नाव बदलत नाही म्हणाली, नियमच आहे. बाळापूरचं गवत जन्मभर मेळघाटीच राहणार. जुनं लेबलही खोडायचं नसतं. बाजूला दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवायची, खाली सही.

हे पत्र कुठे जाणार नाही. चिठ्ठीवर मात्र बाळापूर, नाला, माझं पूर्ण नाव लिहिलं. ‘चुकून धारणी लिहिले होते’ असं लिहायचं घरून ठरवून निघालो होतो. ‘चुकून’ लिहिलं नाही.