उपडा पेला

प्रिय दादा,

काल मामाचा फोन आला होता. तू आता काठीशिवाय त्याच्या दुकानाच्या पायऱ्या उतरतोस हे ऐकून आईने दोनदा डोळे पुसले आणि मग मुद्दाम कांदा चिरायला घेतला, म्हणजे तिसऱ्यांदा पुसायला सबब. त्याच फोनवर मामाने दुसरी बातमीही सांगितली. तू हत्यारांची पेटी विकायला काढली आहेस, रविवारी माणूस येईल आणि त्याला शेडची किल्ली द्यायची. कारण विचारलं तर एवढंच म्हणालास म्हणे, की माझ्या हातांवर माझा भरवसा राहिला नाही. मला रात्रभर दुसरं काही सुचलं नाही. फोन केला तर तू दोन मिनिटांत ‘बरं, ठेवतो’ म्हणणार, म्हणून लिहायला बसले आहे.

आधी तुझी ओरडायची हौस भागवते. तुझी शर्यतीची मोटरसायकल मी उघडली. मागच्या चार महिन्यांत सगळं इंजिन खाली उतरवलं, क्रँकचं बेअरिंग बदललं, नवा पिस्टन आणला. नटबोल्ट तू ठेवायचास तसेच अंड्यांच्या ट्रेमध्ये ओळीने ठेवले, तरी शेवटी एक वॉशर उरला. तो कुठला ते शोधण्यात एक आख्खा रविवार गेला. (माझ्याच चपलेला चिकटून बाहेरून आला होता. हसू नकोस.) सिलिंडर आतून बोअर करायला, तू कामाला होतास त्या वर्कशॉपवाल्या काकांकडे घेऊन गेले. त्यांनी तो उजेडाकडे धरून आत बराच वेळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पैसे घेतले नाहीत. तुझी जागा त्यांनी अजून भरलेली नाही. तुझा निळा डगला खुंटीवर तसाच आहे.

काम करताना सारखी तुझी आठवण यायची. मी दहा वर्षांची असताना तू मला पहिल्यांदा शेडमध्ये घेतलंस. ऐन वेळी कधीच सापडत नाही म्हणून मला ‘दहा नंबर’ नाव पाडलंस, दहा नंबरच्या पान्यावरून. हात काळे झाले की मला बरं वाटतं हे घरात फक्त तुला कळलं होतं. एअर फिल्टर धुवून तेलात मळायचं काम माझं, तू पलीकडे प्लगचा रंग बघत बसायचास आणि डॉक्टरसारखा मान हलवायचास. आणि आपला तो पेल्याचा नियम. या गाडीला नुसतं पेट्रोल चालत नाही, चार लिटरच्या कॅनमध्ये शंभर मिली तेल पडलंच पाहिजे, नाहीतर आत सगळं कोरडं घासून इंजिन जाम. एकदा आपण दोघांनी एकमेकांच्या नकळत तेल घातलं आणि सगळी गल्ली धुराने खोकत बसली, तेव्हापासून तू नियम केलास. तेल कॅनमध्ये ओतलं की काचेचा मापाचा पेला कॅनच्या झाकणावर उपडा घालायचा. उपडा म्हणजे तेल पडलं. सरळ म्हणजे अजून नाही. विचारायचं नाही, सांगायचं नाही, पेला बघायचा. माझ्या नेलपॉलिशने केलेली शंभरची लाल खूण अजून त्याच्यावर आहे.

आता जे सांगते ते आईला सांगितलेलं नाही. इंजिन बसवून झालं त्या दिवशी मी शेड झाडली, रिकामा कॅन पुसून जागेवर ठेवला आणि सवयीने पेला त्याच्यावर उपडा घातला. जेवून आले तर पेला सरळ होता. मांजर, म्हटलं. पुन्हा उपडा केला. चहा घेऊन आले, पुन्हा सरळ. दुसऱ्या दिवशी दाराला नवं कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घालून भाकरी थापत बसले. दार उघडलं तर पेला सरळ. भर दुपारी, दादा, पत्र्याच्या फटीतून ऊन येत असताना. मग मी पेल्यावर वीट ठेवली. परत आले तेव्हा वीट खाली होती, पडलेली नाही, भिंतीशी नीट टेकवून ठेवलेली, आणि पेला सरळ. तू सामान भिंतीशी टेकवून ठेवतोस तशी.

मी काही घाबरट नाही हे तुला ठाऊक आहे. पण परवा सायलेन्सरला हात लागला तर तो कोमट होता. बाहेर ढग होते आणि टाकीत पेट्रोलचा थेंब नाही. संध्याकाळी आई कपड्यांच्या घड्या घालता घालता सहज म्हणाली, की गाडी चालू केलीस वाटतं, दोन दिवस जळक्या तेलाचा वास येतोय. आई तुझ्या अपघातापासून शेडकडे फिरकलेलीही नाही. मी हो म्हणून टाकलं.

कोण आहे, हे मी शोधत नाही आता. काय सांगतंय ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी पेट्रोलचा कॅन मीच भरून आणला होता. पेल्यात कोळी बसला होता. मी तो झटकला, पेला पुसला आणि पुन्हा धूळ बसू नये म्हणून कॅनवर उपडा ठेवून तेलाची नवी बाटली आणायला घरात गेले. जुनी संपली होती. नवीचं सील निघेना, सुरी शोधायला स्वयंपाकघरात गेले, तिथे आईने चहा हातात दिला. मी बाहेर आले तेव्हा तू टाकी भरून गाडी टेम्पोत चढवली होतीस. पेला बघितलास, नियमाप्रमाणे. माझ्या हातात सील न फोडलेली बाटली होती, दादा. तू हाक मारलीस, दहा नंबर, चल. आणि मी बाटली शेडच्या फळीवर ठेवून टेम्पोत बसले. वाटलं, ओरडशील. वाटलं, तिथे पोचल्यावर सांगेन. तिथे तुझ्याभोवती माणसं होती. सुटायच्या रेषेवर सगळ्या गाड्यांच्या मागे तेलाचा निळा धूर होता आणि तुझ्या मागे हवा स्वच्छ होती. मी दोरीला धरून ते बघत उभी होते. दोन फेऱ्या तू पुढे होतास. तिसरीला उंचवट्यावर इंजिन हवेतच जाम झालं.

नंतर तू पलंगावर पडल्या पडल्या म्हणालास, पिस्टनच्या रिंगची फट मी मोजली होती, माझाच हात चुकला असणार. मी तुझ्या पायाशी बसले होते आणि हो म्हटलं. अकरा महिने तू ते खरं धरून चालला आहेस. जुना पिस्टन मी शिलाई मशिनच्या खणात लपवला होता, तो या पत्रासोबत पाठवते आहे. रिंग चुकली तर ओरखडा एका जागी उठतो, हे मला तूच शिकवलंस. हा चारही बाजूंनी सोललेला आहे, तेल नसलं की होतो तसा. तुझे हात चुकले नव्हते. मी चुकले, आणि मग गप्प बसले. रविवारी माणूस आला तर मी किल्ली देणार नाही, तुला काय बोलायचं ते इथे येऊन बोल. मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही, पण काकांकडे कामावर जा. हे मी शेडमध्ये बसून लिहिते आहे. पेला समोर सरळ आहे, आणि आज त्यात तेल आहे, बरोबर लाल खुणेपर्यंत. फळीवरच्या बाटलीचं सील अजून तसंच आहे. मी पेल्याला हात लावणार नाही. तू ये, कॅनमध्ये तेल तू ओत, आणि पेला तूच उपडा घाल.

तुझीच,
दहा नंबर