सुजाताची तीन पावलं

१० जुलै २०००, दौंड
यंदा पहिलीपासून इंग्रजी. शिकवणार कोण? शाळेतले गुरुजी फाटकात उभे राहून विचारतात, "मॅडम, शिप आणि शीप बोलायला एकच ना?" म्हटलं, एकात माल भरतात, दुसऱ्याची लोकर कातरतात, घोळ करून बघा. हसले बिचारे. ठरलं. रोज पाचला माझ्या अंगणात. नऊ पोरं.
कॉन्व्हेंटात सिस्टरनी आम्हाला व्हरांड्यात चालवून शिकवलं, तेच करते. आखूड स्वराला एक पाऊल. लांब स्वर दम संपेपर्यंत ओढायचा आणि तेवढं चालायचं. थांबलं की पाटीवर शब्द लिहायचा. पायांना लांबी कळली की हात अक्षर गाळत नाही.

१३ जुलै
ट्री, रेन, बोट, केक. सगळी फाटकापर्यंत पोचतात. सुजाता, पलीकडच्या वस्तीतली, सहा वर्षांची, तिसऱ्या पावलाला उकिडवी बसते. स्पेलिंग मात्र सगळ्यांआधी तिचं बरोबर. आज चिडले. "शाळा आहे ही, बाजार नाही. ऊठ." उठली, चालली, परत बसली. तीनदा चालवलं. पोरं हसली. मी हसू दिलं.

१४ जुलै
सु. आली नाही. फुगली असेल. फुगू दे.

१७ जुलै
आली. आजीचं बोट धरून. आजी, कासाबाई, पायरीवर टेकल्या.
"टीचरबाई, पोरगी आळशी न्हाई ओ. दम लागला की तशीच बसती. बसली की बरं वाटतं तिला."
"डॉक्टरला दाखवलं?"
"कशापायी? वाढंल तशी सुधरंल. लाडाची हाय."
पाटी घ्यायला सु.ने हात पुढे केला. नखं जांभळी. विचारलं, शाई सांडली का? "न्हाई. माझी तशीच हाईत."
ओठही तसेच. इतके दिवस मी काय बघत होते? पाटी.
तीनदा चालवलं मी हिला.

२३ जुलै, रविवार
चर्चमध्ये लक्ष नाही. डोळे मिटले की अंगण दिसतं.
परवा दोघींना मीच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीवर नळी इतका वेळ ठेवली की भिंतीवरचं कॅलेंडर माझं पूर्ण वाचून झालं. मग कासाबाईंना बाहेर बसवून, "जन्मापासूनचं आहे, हृदयात. इतके दिवस कोणालाच कसं कळलं नाही?" माझ्याकडे बघून. एरवी सुनावलं असतं. लवकर पुण्याला न्या म्हणाले. तोवर पळवायचं नाही, दमवायचं नाही.
मी तिला काय केलं ते त्यांना सांगितलं नाही. कासाबाईंनाही नाही.

२६ जुलै
चालणं बंद. आता बसल्या जागी बोटाने हवेत लांब रेघ ओढायची. पोरं कंटाळली. एक धीट पोरगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही कशाला भ्यायलात?" तिला बाहेर काढलं. मग परत आत घेतलं.
सु. केक लिहिते, शेवटची गप्प बसणारी 'ई' न विसरता. मी तिच्या ओठांकडे बघत असते. दोनदा पाटी तपासायची राहिली.

१ ऑगस्ट
मिलिंद, सु.चा बाप, कुरकुंभच्या कारखान्यातली पहिली शिफ्ट सुटल्यावर आला. डबा हातातच. बसला नाही.
"जय भीम, बाई. पुण्याला दाखवलं. ऑपरेशन म्हंत्यात. आत्ता हसतीय, बोलतीय. कापायला नेली आन् परत आलीच न्हाई म्हंजी?"
"आणि नाही नेली म्हणजे?" तोंडातून गेलं.
तो डबा या हातातून त्या हातात करत राहिला. मग गेला. ही जीभ.

९ ऑगस्ट, पुणे. हॉस्पिटल, वॉर्डाबाहेरचं बाक
मि. तयार झाला. अट एकच, टीचरबाई बरोबर पाहिजेत. कागद सगळे इंग्रजीत, नर्सला वेळ नाही. त्याने ते माझ्या हातात दिले. "तुम्ही वाचा. तुम्ही वाचलं म्हंजी झालं."
ओळ न् ओळ मराठीत करून सांगितली. भूल. रक्त. टाके. तिसऱ्या पानावर एक वाक्य आहे, की रुग्ण दगावू शकतो हे मला समजावून सांगितलं आहे आणि ते मला मान्य आहे. ते गाळलं. पुढच्या ओळीवर गेले. त्याला कळलं नाही. सावकाश, पूर्ण नावाची सही केली. वर मलाच म्हणतो, "लई उपकार झाले, बाई."
आयुष्यभर लोकांच्या तोंडावर बोलले. आणि आज.
त्याला माहीत नाही असं थोडंच आहे? माझ्या अंगणात त्यानेच विचारलं होतं. पण माहीत असणं वेगळं, त्याच्याखाली सही करणं वेगळं. सांगितलं तर तो लेकीला उचलून दौंडची गाडी धरेल. नाही सांगितलं आणि शुक्रवारी ऑपरेशनात काही
आत सु. शेजारच्या खाटेवरच्या मुलीला 'रेन' लिहायला शिकवतेय. ओढून ओढून. नर्सने गप्प केलं दोनदा.
कागद अजून माझ्या पिशवीत. चारला नर्स ते न्यायला येणार. पावणेचार झाले. मि. खाली चहा आणायला गेला होता, जिन्याच्या काचेच्या दारापलीकडून येतोय. दोन्ही हातांत कप आहेत. उठून दार मलाच उघडावं लागेल.