माधुरीचा तारा

देवळाली प्रवरा
२० जानेवारी २०२५

चि. माधुरीस,
आबांचा सप्रेम जयभीम न् लई लई आशीर्वाद.

वि. वि. आमी सगळी बरी हाय. कारखान्याच्या बॉयलरनं माझे कान खाल्ले, फोनवर तू बोलती ते निम्मं हवेत जातं, म्हनून पत्र. हात कापतो, तवा तुझी वहिनी अश्विनी लिहून घेती. बोलतो तसंच लिही असा दम दिलाय, न्हाईतर ती मला पुन्याचा करून टाकील.

तुझ्या आईला जाऊन वरीस हुतंय, तिचं पहिलं पुण्यानुमोदन नऊ मार्चला विहारात ठरलंय. ती गेली तवा तुला पोचायला जमलं न्हाई, त्याचा राग न्हाई. पर आता तू पाहिजेस. घर खायला उठतंय गं.

जर्मनीला जाताना अंगनात तू बोट करून तांबडा तारा दाखवलास, माझं काम याच्यावरच म्हनलीस. रोज दिवेलागनीला त्याला जयभीम घालतो. नऊ तारखेला सांजच्याला पाव्हन्यांनाबी दाखवनार हाय, गावभर सांगून बसलोय. येतीस का ते लगोलग कळव.

तुझा,
आबा

हॅम्बर्ग
४ फेब्रुवारी

ती. आबांना,
माधुरीचा सविनय जयभीम. वहिनीला आणि सम्राटदादाला नमस्कार.

वि. वि. नऊ मार्चला मला येता येणार नाही. लिहवत नाही, पण तसंच आहे. उपग्रहावरची दुर्बीण त्याच आठवड्यात माझ्या ताऱ्यावर रोखणार आहेत. दोन वर्षं अर्ज केले तेव्हा ही वेळ मिळाली. जमिनीवरच्या दोन दुर्बिणी त्याच वेळी लावायच्या, तो मेळ मीच घालायचा.

हा तारा सूर्याहून थंड आणि मिणमिणता, पण त्याच्यातलं चुंबकत्व एवढं जबरदस्त, की अंगात आल्यासारखा मधूनच भडकतो आणि एक्स-रे न् अतिनील किरणांचा मारा करतो. त्याच्या शेजारच्या ग्रहावर हवा तरी टिकत असेल का, हे मला शोधायचंय. असे किरण आपली हवा वरच अडवते, म्हणून दुर्बीणही वर पाठवावी लागते.

आणि आबा, एक कबूल करते. पाहुण्यांना तो तारा दाखवू नका. ती रोहिणी आहे. माझा तारा नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. त्या संध्याकाळी तुमचा चेहरा बघवेना, म्हणून समोर दिसला त्याच्याकडे बोट केलं. दोन वर्षं तुम्ही भलत्यालाच जयभीम घालताय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. रागवा, पण लिहा.

तुमच्या मायेची हक्कदार,
माधुरी

देवळाली प्रवरा
१७ फेब्रुवारी

चि. माधुरीस,
आबांचा जयभीम न् आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र वाचताना अश्विनी रडली, मी हसलो. अगं येडे, तू खोटं बोललीस तर मी कुठं हरिश्चंद्र लागून गेलो! हात माझा धडधाकट हाय. डोळं गेलेत. दोन्हीकडं मोतीबिंदू. दिवाळीपास्नं चांदन्या सोड, चांदबी धुरकट. ती रोहिणी असो न्हाईतर कुनीबी, मला दिसतच नव्हती. तरी तिकडंच तोंड करून उभा राहायचो. जायच्या दिवशी तू तिकडं बघत हुतीस ना.

पुण्यानुमोदन ठरल्या दिवशी हुईल. तुझं काम सोडून येऊ नको, तुझ्या आईनंच मला फाडून खाल्लं असतं.

डॉक्टर म्हनतो ऑपरेशन अर्ध्या तासाचं, उद्या या. सम्राट रोज भांडतो. मी आपला ऐकू येत न्हाई म्हनून कान पुढं करतो. खरं कारन अश्विनीलाबी आत्ताच कळतंय, लिहिता लिहिता थांबली हाय. पोरी, तुझी आई तुझ्यासाठी दाराकडं बघत गेली. मला तसं जायचं न्हाई. डोळ्याची पट्टी सुटंल तवा पहिलं तोंड तुझं दिसाया पाहिजे. काम उरकून ये. तवर डॉक्टरला थांबवलंय.

माया पातळ हुऊ देऊ नको.
तुझी वाट बघनारा,
आबा