हुंकार देणारं पावणं

५ जानेवारी, रविवार

सगळ्यात आधी टपकली ती खालच्या मजल्यावरची रत्नव्वा. माझं बोचकं सुटायच्या आत! साखर मागायचं निमित्त, वाटी मात्र घरीच विसरलेली. मला म्हणते, आक्का, तुझी नात दिवसभर भिताडाशी बोलते, डोकं ठिकाणावर हाय न्हवं? मी म्हटलं, भिताडाशी न्हाय बाई, गावोगावच्या पोरांशी बोलते. चहा पिऊनच उठली.

तर नेसरी गाव सोडून मी आता कोल्हापुरात, नातीच्या, क्रांतीच्या फ्लॅटवर. माझ्या पोराची, पृथ्वीराजची लेक ही. कॉम्प्युटरला हुकूम सोडायची एक भाषा असते म्हणे, पायथन नावाची. ती ही मराठीतनं शिकवते. पडद्यावर बाण फिरवते, अक्षरं उमटवते, तोंडानं सांगत जाते आन सगळं रेकॉर्ड होतं. हिचं तोंड काय दिसत न्हाय, नुसता पडदा आन आवाज. खोली घुमते म्हणून माझ्या लुगड्यांच्या वाकळा चारी भिंतींना टांगल्यात. थंडीत पांघरायच्या त्या भिंतींना! मला ही वही दिली, लिहीत जा म्हणाली, हात वळंल. चौथी शिकलेल्या बाईला! लई मजा हाय.

७ जानेवारी, मंगळवार

क्रांती बोलताना अडखळते. म्हणाली, समोर कोण नसतं आज्जी, शब्दच सुटत न्हाईत. मी म्हटलं, अगं, सांगणाऱ्याला हुंकार लागतो. आमची झुंबरआत्या गोष्ट सांगायची तर आम्ही पोरांनी हूं म्हणत राहायचं. हूं थांबला की आत्या म्हणायची, निजली कार्टी, आन गप व्हायची.

मग बसले स्टूल घेऊन. शेंगा फोडायला घेतल्या तर ओरडली, माइकात कडाकडा वाजतंय! ठेवल्या. दर वाक्याला हूं दिला आन पोरगी पाटाच्या पाण्यागत वाहायला लागली की. आजचा धडा फंक्शनचा. फंक्शन म्हणजे गिरण. वरनं जोंधळं घाला, खालनं पीठ. मला कळलं! माझे हूं नंतर रेकॉर्डिंगातनं पुसून टाकते.

१० जानेवारी, शुक्रवार

धडे पोरांना आवडायला लागलेत. पण आज क्रांतीनं माझे हूं पुसले, तरी मागं एक उरला. जाड आवाजाचा. म्हणाली, तू दोनदा म्हटलास. मी कशाला दोनदा म्हणू? रत्नव्वा असंल दाराला कान लावून, म्हणून दार उघडलं. कोण न्हवतं.

१५ जानेवारी, बुधवार

तिळगूळ उरलाय ढीगभर. एकेक लाडू खाऊन धड्याला बसलो. आज लूप. टोपलीत शेंगा हायत तवर फोडत राहा, संपल्या की थांब. थांबायची अट घालायला विसरलं तर मशीन थांबतच न्हाय, म्हणाली.

मधीच मला डुलकी लागली. जागी झाले तर क्रांती बोलतच होती. आन हूं येत होते. माझे न्हवेत. वाकळीमागनं. एकाचे न्हाईत, दोघा-तिघांचे. पोरीचे डोळे माझ्याकडं लागलेले, तोंड मात्र चालूच. तोंडावर हात दाबला तवा थांबली. रडायला लागली. म्हणाली, आज्जी, हूं आला की पुढचं वाक्य आपोआप येतंय, मला आवरत न्हाय.

१६ जानेवारी, गुरुवार

क्रांतीचा घसा पार बसलाय. डॉक्टर म्हणाले, महिनाभर अक्षर बोलायचं न्हाय, न्हायतर आवाज कायमचा जाईल.

लॅपटॉप कपाटात कोंडला. वाकळा काढल्या. मागं नुसती भिंत. पांढरी.

दुपारी त्या भिंतीतनं हूं आला. क्रांतीच्या हातात घास होता. घास हातातच, आन ही लूप सांगायला लागली.

१७ जानेवारी, शुक्रवार

सकाळपासनं बोलतेय. ओठाला रक्त. पाणी घेत न्हाय. तोंड दाबायला गेले, चावली मला. पृथ्वीराजला फोन केला, लगोलग निघतो म्हणाला. पण तवर —

शेवटी भिंतीला हात जोडले. म्हटलं, पावणं, आता बास करा. दमली माझी पोरगी.

गप झाले.

क्रांती पडली तिथंच झोपली. मला इतकं बरं वाटलं की — जाणाऱ्या पावण्याला जा म्हणायचं नसतं न्हवं, जिभेलाच वळण — मी म्हटलं, या पुन्हा.

कवा येऊ, म्हणाले. सगळे एकदम. क्रांतीच्याच आवाजात.

सोमवारी, म्हटलं मी. का म्हटलं —

१८ जानेवारी, शनिवार

क्रांती उठली. तोंड उघडलं. आवाज न्हाय. कुजबुजसुद्धा न्हाय.

पृथ्वीराज आलाय. गाडी दाराशी लावायला खाली गेलाय. तिला नेसरीला नेतोय. मी न्हाय जात. पावण्यांना शब्द दिलाय मी, मागनं नेसरीला आले म्हंजे? मी सांगन त्यांना. गिरण, शेंगा, जेवढं कळलंय तेवढं. माझा गळा गेला तर जाऊ दे.

धड्याच्या खोलीतनं आवाज येतोय. क्रांतीचा. स्वच्छ, पहिल्यागत. नमस्कार मुलांनो, म्हणाला.

क्रांती इथं हाय. माझ्या मांडीवर. तोंड मिटलेलं.

एक वाक्य झालं. थांबलाय. हूंची वाट बघतोय — माझ्या — ओठ दाबून धरलेत मी, तरी आतनं —

सोमवारी या म्हटलं होतं मी. आज तर शनि—