पाट्यावरचा बिबा

माय,

परवा तुझ्या पणतीच्या दोन्ही हातांवर पुरळ उठलं. सक्करदऱ्याच्या तलावाकडे गाजर गवत फुललंय, त्या पांढऱ्या फुलांचा तिने शाळेतल्या बाईंसाठी गुच्छ केला होता. कशाला हात लावला म्हणून विचारलं, तर पोरीनं एका दमात सगळं सांगून टाकलं. तिची आई तिला दवाखान्यात घेऊन गेली आणि मी आपली सवयीनं लेपासाठी तीळ-खोबरं वाटायला बसले. त्या परत आल्या तेव्हा डॉक्टरांनी मलम दिलं होतं, दुसरं काही लावू नका म्हणून बजावलंही होतं. माझी वाटी ओट्यावर तशीच राहिली. खाजवू नये म्हणून मी नातीचे हात धरून बसले. ती रडत होती, मला काहीच करता येत नव्हतं, आणि मला तुझे हात आठवत होते.

कोराडीच्या कॉलनीतल्या शाळेत तेव्हा कॉलनीच्याच खर्चानं पोरांना दुपारी खिचडी मिळायची, ती तू शिजवायचीस. पोरं तुला खिचडीवाली मावशी म्हणायची आणि तू त्या नावावर भारी खूश असायचीस. मी त्याच शाळेत चौथीत. टाचांच्या भेगांसाठी तू इतवारीतून बिबे आणून फळीवरच्या डब्यात ठेवले होतेस. ‘तेल लावल्याबिगर हात लावू नको वं, अंगावर उतते तो,’ असं तू दहादा बजावलेलं. मला मात्र बिब्याच्या आतली गोडंबी खायची होती. तू शाळेत थांबली होतीस, तेवढ्यात मी कोपरापर्यंत तेल चोपडलं, पाट्यावर तीन बिबे फोडले, गोडंबी खाल्ली, टरफलं नालीत टाकली आणि पाटा ओल्या फडक्यानं पुसला. मोठी शहाणी मी. हाताला तेल लावायचं लक्षात राहिलं, पाटा राखेनं घासायचा राहिला. काळ्या दगडावर बिब्याचा काळा डाग कोणाला दिसणार होता?

सांजेला तू पाटा धुवायला घेतलास, तळव्यांनी चोळून चोळून, आणि त्याच हातांनी तोंडावरचा घाम पुसलास. दुसऱ्या दिवशी तुझे हात फोडांनी भरले, डोळे सुजून बारीक झाले. तूच खाटेवरून सांगत होतीस, तीळ किती, खोबरं किती, आणि मी वाटून लेप लावत होते. ‘किती थंडा हात हाय वं तुहा,’ तू म्हणालीस. मी रडायला लागले, तर तूच माझी समजूत घातलीस.

सूज जरा उतरली तशी तू शाळेत गेलीस. मोठ्या बाई म्हणाल्या, ‘हाताला काय झालं हे?’

‘बिबा उतला जी. लागणारा रोग नोहे.’

‘बिब्याला हात कधी लावला तुम्ही?’

तू हात पदराखाली घेतलेस. लावलाच नव्हता तू, आणि खोटं बोलणं तुला जमत नव्हतं. मी ताट घेऊन रांगेत उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं मला. पुढच्या मुलीच्या वेणीकडे बघत राहिले. बाई म्हणाल्या, बरं होईपर्यंत येऊ नका. तू बरी झालीस तोवर तिथे दुसरी बाई लागली होती. तरी तू एकदा गेलीस, कोरडे झालेले दोन्ही तळवे पुढे करून दाखवायला. परत आलीस ती थेट चुलीशी जाऊन बसलीस.

त्या दिवशी तू मला विचारलंस, ‘तू तं नाही ना फोडला वं बिबा?’

मी नाही म्हटलं. तू लगेच मान हलवलीस. ‘मंग माह्याच हातून कुठं लागला असन,’ म्हणालीस, आणि पुढे आयुष्यभर बिब्याची गोष्ट निघाली की स्वतःच्या वेंधळेपणाला हसत राहिलीस. मी पण हसायचे तुझ्यासोबत.

नातीचं पुरळ आता उतरतंय. वाटीतलं तीळ-खोबरं आंबून गेलं, काल फेकलं. तू जाऊन इतकी वर्षं झाली, म्हणून हे लिहायची हिंमत झाली. तू असतीस आणि आज पुन्हा विचारलं असतंस, तर मी पुन्हा नाहीच म्हटलं असतं, माय.