वरच्या फळीवरची बाटली

नेपरव्हिल, ११ जानेवारी २०२५

ती. ताईस,
कांचनचा शि. सा. न. वि. वि.

तू याच देशात असून फोन सोडून पत्र लिहिते आहे, कारण या घराच्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत. वर बोललेलं खाली ऐकू येतं, आणि हे सुनेच्या कानावर जायला नको. पाकिटावरची तिकिटं मात्र हिमानीनेच आणून दिली. कशासाठी ते बिचारीला ठाऊक नाही.

तुझ्या मेव्हण्यांची तब्येत ठीक नाही. दिवाळीनंतर आम्ही परीक्षितकडे आलो तेव्हा पहिला बर्फ बघून हे अंगणात धावले होते. आता खुर्चीतून उठत नाहीत. सारखं पाणी पितात, सारखे बाथरूमला जातात, ताट पुढे सरकवतात. परवा त्यांनी परीक्षितला आपल्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारली. पोरगा हसला, मला मात्र ते हसण्यावारी नेता आलं नाही.

आता मनातलं सांगते. हिमानी रोज सकाळी त्यांच्या दुधात कसल्याशा बाटलीतून थेंब टाकते. बाटली अगदी वरच्या फळीवर, माझा हात पोचणार नाही अशा जागी. विचारलं तर जस्ट व्हिटॅमिन आहे म्हणाली आणि विषय संपवला. पोह्यांऐवजी खोक्यातलं सीरियल, त्यात लोह घातलेलं. संत्र्याच्या रसात कॅल्शियम घातलेलं. मी नागपूरची, मला संत्र्याचं काय शिकवता? हिच्या मनात आहे तरी काय? आम्ही इथे राहणं तिला जड होत असेल का?

मी ठरवलं आहे. या महिन्यातच तिकिटं काढून यांना घरी नेणार, आणि मग या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही.

तुझा जीव आहे तसाच माझ्यावर राहू दे.
तुझी कांचन

डब्लिन, १६ जानेवारी

चि. कांचनस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी दुधात पाणी आहे म्हणून तू गवळ्याला दारातच उलटतपासणीला उभं करायचीस. आता सुनेची पाळी आलेली दिसते. हिमानीबद्दलचं तुझं म्हणणं मी मनावर घेत नाही. सुमंतरावांचं मात्र घेते. इतकी वर्षं डॉक्टरकी केली, ही तहान आणि हे विसरणं मला अजिबात आवडलेलं नाही.

त्यांना ताबडतोब डॉक्टरकडे ने. आणि दिवसभरात त्यांच्या पोटात जातं ते सगळं मला कळव. तुझ्या हातचंसुद्धा.

तुझी काळजी करणारी,
ताई

नेपरव्हिल, १७ जानेवारी

ती. रत्नामावशींस,
हिमानीचा सा. न.

आईंसाठी आणलेल्या तिकिटांतलंच एक लावून हे पत्र पाठवते आहे. मेसेज केला असता, पण आमचे फोन दिवसभर एकाच टेबलावर पडलेले असतात.

बाबा खूप वीक झाले आहेत. इथे आल्यावर फॉलमध्ये, पानगळीच्या दिवसांत, त्यांचं व्हिटॅमिन डी लो आलं होतं, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले ड्रॉप्स मी देते. तरीही ते खचतच चाललेत. पुढची अपॉइंटमेंट फेब्रुवारीत आहे. परीक्षित म्हणतो, एजमुळे असेल, डोण्ट वरी.

पण मावशी, मला कचऱ्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या फाडलेल्या पुड्या सापडल्या. औषधाचं नाव असतं तो कोपराच नाही. संध्याकाळी आई पाठ फिरवून बाबांच्या दुधात काहीतरी ढवळतात. विचारलं तर सुंठ म्हणाल्या. सुंठेला कधी वास नसतो का? आईंना इथे करमत नाही, बाबांना परत न्यायचं त्या सारखं म्हणतात. त्यासाठी कुणा वैद्याचं काही देत असतील का? डोक्यात नको ते येतं आणि मग माझीच मला लाज वाटते.

प्लीज, आईंना यातलं काही कळू देऊ नका. तुमचा आशीर्वाद पाठीशी असावा.
आपली,
हिमानी

नेपरव्हिल, २१ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र काल मिळालं. परीक्षित डॉक्टरांची वेळ अलीकडची मिळते का ते बघतो आहे. तू विचारलंस म्हणून सगळं लिहिते. सकाळी सीरियल, दूध, ते थेंब आणि तो रस. दुपारी वरणभात, तोही आता निम्मा उरतो. रात्री मूग.

संध्याकाळी दुधातून माझी पुडी देते, पण ती काही औषधात धरू नकोस. नागपूरच्या डॉक्टरांनी यांच्या हाडांसाठी दिलेली, उन्हातल्या व्हिटॅमिनची. निघताना पुष्कळ घेऊन ठेवल्या. तिथे दर सोमवारी एक घ्यायची होती. पण मला सांग, नागपूरच्या उन्हात आठवड्याला एक लागते, तर या बर्फात रोज नको का? इथे तर सगळेच रोज गोळ्या घेतात. तिकडून आणलेल्या औषधांना हिमानी नाक मुरडते, म्हणून तिला सुंठ सांगते आणि कागद गुंडाळून टाकते. तिच्या थेंबांवर उतारा म्हणून तेवढीच एक गोष्ट माझ्या हातात आहे.

मला धीर देत राहा.
कांचन

नेपरव्हिल, २ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

हे काल हॉस्पिटलमधून घरी आले. आज पोहे मागितले आणि मीठ कमी आहे म्हणून कुरकुरलेसुद्धा. ती कुरकुर ऐकून मी ओट्यापाशी रडले.

गेल्या आठवड्यात बर्फाने अडकलेलं टपाल हातात पडताच तू फोन केलास, तोही मला नाही, हिमानीला. ती मीटिंग अर्धी टाकून खाली आली आणि माझ्याकडे पुडी मागितली. मी चोरासारखी काढून दिली. तिने वरच्या फळीवरची बाटली उतरवून शेजारी ठेवली. दोन्हींवर एकच नाव, व्हिटॅमिन डी. मग तिने गाडी काढली आणि आम्ही यांना हॉस्पिटलात नेलं.

रक्तातलं कॅल्शियम भलतंच चढलं होतं आणि मूत्रपिंडं थकली होती. थेंबांनी एवढं झालं नसतं, रोजच्या पुडीने झालं. डॉक्टर म्हणाले, असंच चालू राहिलं असतं तर आयुष्यभर डायलिसिस लागलं असतं, किंवा त्याहून वाईट. सलाइन लावलं, बरेच दिवस ठेवून घेतलं. ही पावडर रोज कुणी दिली असं त्यांनी विचारलं. माझ्याआधी हिमानी बोलली. म्हणाली, आम्ही दोघींनी.

ताई, तिला सगळं ठाऊक होतं. तरी दोघींनी म्हणाली.

परतीच्या तिकिटांचं आता मनात नाही. बाटली खालच्या फळीवर आली आहे, पण डॉक्टर सांगेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. एकच कर, माझं पहिलं पत्र फाडून टाक. ते तिच्या दृष्टीस पडलं तर मी तिला तोंड दाखवू शकणार नाही.

कांचन

डब्लिन, ७ फेब्रुवारी

चि. कांचनस,
अनेक आशीर्वाद.

सुमंतराव कुरकुरले, मी भरून पावले. उरलेल्या पुड्या औषधांच्या दुकानात परत घेतात तिथे हिमानीबरोबर जाऊन टाकून ये. जपून ठेवायचा मोह आवर, मी तुला ओळखते.

तुझं पहिलं पत्र फाडलं. त्याच्याबरोबर तुमच्याच घरून आलेलं आणखी एक फाडलं. तेही नंतर मला फाडायला सांगण्यात आलं होतं, आणि जवळजवळ तुझ्याच शब्दांत. कुणी ते विचारू नकोस, तीही तुझ्याबद्दल विचारणार नाही. एवढंच सांगते, दोन्ही पाकिटांवरची तिकिटं सारखी होती.

लोभ रोजचा असू दे, पुडी आठवड्याचीही नको.
ताई