सरहद्दीच्या बुरुजाची पाटी

१ डिसेंबर
पोहोचले. पिरंगुटपर्यंत बस, पुढे रिक्षा. रिसॉर्टमागच्या टेकाडावर अर्धा ढासळलेला बुरूज आहे, खोलीच्या खिडकीतून दिसतो. त्याचा इतिहास मी लिहायचा, तो दगडी पाटीवर कोरणार. खाली ‘लेखन : प्रियदर्शिनी’. घरात शिकलेली मी पहिली. आईला अक्षरं मीच शिकवली, सुरुवात माझ्या नावापासून. पाटीचा फोटो तिला पाठवीन, वाचेल. मालक शेखरसाहेब म्हणाले, पाटी जमली की नोकरी कायम.

५ डिसेंबर
जुन्या कागदांत एवढंच सापडलं : दोन मुलखांची हद्द, तिच्यावर चौकीचा बुरूज. बाकीचं फुलाबाईंनी सांगितलं. त्या खालच्या बौद्धवाडीतल्या. बांधताना बुरूज तीनदा ढासळला, तेव्हा वेशीची राखण करणाऱ्या वेसकराची लेक सगुणी त्याच्या पायाच्या दगडांत जिवंत चिणली. दर अमावस्येला दिवस मावळताना वाडीतलं कुणीतरी वर जाऊन तिला नावानं हाक मारतं. हे आपल्या बौद्धांत कसं चालतं, मी चाचरत विचारलं. म्हणाल्या, “देव न्हाई मांडला बाई. मानसाची याद हाय. तिचं नाव इसरलं, तर ती दुसरीचं घिऊन जाती.”
सगळं लिहिलं. दोनदा तपासलं.

११ डिसेंबर
शेखरसाहेबांनी मजकूर वाचला. पाहुणे हुरडा खायला येतात, मढं बघायला नाही, म्हणाले. सगुणीला काढा, नाहीतर लेखिका बदलू.
काढलं. एकच तर ओळ.

१९ डिसेंबर, अमावस्या
साहेबांनी फुलाबाईंना फाटकावरूनच परत पाठवलं. तू तरी जा वर, मला म्हणाल्या. मी हो म्हटलं.
गेले नाही. साहेब बघत होते.

२० डिसेंबर
हजेरीपटात माझं नाव नाही. ऑफिसातल्या प्रमोदला दाखवलं, तर तो म्हणाला, तुझं नाव काय गं? रोज एका टेबलावर जेवतो आम्ही. ओळखपत्रावर फोटो आहे. त्याखाली कोरं.

२१ डिसेंबर
पाटी बसली. मजकूर माझाच. खाली ‘लेखन : सगुणी’. कुणालाच वावगं वाटत नाही. साहेबांनी अभिनंदन केलं — त्याच नावानं.

२२ डिसेंबर
आईला फोन केला. कोण पाहिजे बाई, म्हणाली. तुझी लेक, म्हटलं. कोणती? — सांगायला तोंड उघडलं. जिभेवर माती —

२३ डिसेंबर
आईला शिकवलेली ती अक्षरं — पहिलं आठवतंय. लिहून ठेवते. माझं नाव स